तारेची कैफियत

घरात स्पीकरसाठी तारा ओढण्याचे दिवस आता गेले. बाजारात मिळणारा बिनतारी संच आणून एक डबी टीव्हीपाशी आणि दुसरी पडवीत ठेवली की भिंती फोडण्याचा, वायरमनची मनधरणी करण्याचा आणि नुकत्याच दिलेल्या रंगाची नासाडी पाहण्याचा सारा खटाटोप चुकतो, असे मत आजकाल महाड-पोलादपूरच्या बाजूला घर बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा गणपतीपूर्वी घराची डागडुजी काढणाऱ्या बहुतेक गृहस्थांच्या तोंडून ऐकू येते. मुंबईहून रजेवर येणारे चाकरमानी ते आग्रहाने मांडतात, बाजारपेठेतील दुकानदार त्याला हसतमुखाने दुजोरा देतात, आणि गावी राहणारी वडीलधारी माणसे, आपल्याला यातले काही कळत नाही अशा समजुतीने, मान डोलावून मोकळी होतात. या मताचा प्रतिवाद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे असे की, आपल्या भागातील घरांपुरते तरी हे मत सपशेल चुकीचे असून, बिनतारी संच घेणारा गृहस्थ तार टाळत नाही. तो एक निरुपद्रवी तार नाकारतो, तिच्या जागी उपद्रवी तार आणून बसवतो, आणि या अदलाबदलीचे जादा दाम वर मोजतो.

प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडून मगच त्याचे खंडन करावे, हा वादाचा जुना शिरस्ता आहे. बिनतारीचे कैवारी चार मुद्दे पुढे करतात. पहिला असा की, तार ओढायची म्हणजे भिंतीला झिरी मारणे आले, आणि दगडी भिंतीला झिरी मारणे हे ना सोपे ना स्वस्त. दुसरा, उघडी तार दिसायला ओंगळ. ती भिंतीवर लोंबकळते, तीवर जळमटे धरतात आणि उंदीर ती कुरतडतात. तिसरा, कसबी वायरमन वेळेवर मिळत नाही, कारण गावातील हाताशी आलेली पोरे मुंबई-पुण्याला गेलेली असतात. चौथा, आणि खरे पाहता सर्वांत प्रबळ, असा की जग पुढे चालले आहे व तार ही मागासलेपणाची खूण आहे. हे चारही मुद्दे मी योग्य ठिकाणी विचारात घेणार आहे; प्रारंभी एवढेच नमूद करतो की, यांतील एकही मुद्दा आवाजाशी संबंधित नाही. स्पीकर ज्या कामासाठी घरात आणायचा, ते काम बिनतारीने अधिक चांगले होते असे त्यांतील कोणीही म्हणत नाही.

बिनतारी विद्येच्या थोरवीबद्दल माझी काडीमात्र तक्रार नाही. 1895 साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी विद्युत्‌चुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखवली, तो प्रसंग कोणाही भारतीयाने अभिमानाने स्मरावा असाच आहे. पुढे 1942 च्या ऑगस्टमध्ये हेडी लामार ही चित्रपटतारका आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार अशा दोघांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले. संदेश एकाच कंप्रतेवर न ठेवता क्षणोक्षणी दुसऱ्या कंप्रतेवर उडवत न्यावा, म्हणजे शत्रूला तो अडवता येणार नाही, अशी ती युक्ती होती, आणि त्यासाठी त्यांनी पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे 88 कंप्रता योजल्या होत्या. आजचे ब्लूटूथ याच जातीच्या उड्या 79 मार्गिकांवरून दर सेकंदाला 1600 वेळा मारते. मानवी बुद्धीचा हा विलास पाहून मस्तक नम्र होते. परंतु एखादी विद्या थोर आहे, म्हणून ती आपल्या पडवीतल्या स्पीकरला उपयोगी आहे, हे अनुमान तर्कशास्त्राच्या कोणत्याही नियमात बसत नाही.

असा एखादा संच घरी आणून त्याची पेटी ओटीवर उघडावी आणि आतील जिनसांचा पंचनामा करावा. प्रथम तळहाताएवढी काळी डबी निघते. तिच्या पाठीमागे टीव्हीचा आवाज घेण्याचे एक छिद्र व विजेचे दुसरे छिद्र असते, आणि ही प्रक्षेपक होय. त्यानंतर विटेएवढी दुसरी डबी निघते. ही ग्राहक असून हिच्या पोटात ॲम्प्लिफायर बसवलेला असतो, व पाठीशी स्पीकर जोडण्याच्या लाल-काळ्या चिमट्यांच्या दोन जोड्या असतात. मग दोन्ही डब्यांचे दोन अडॅप्टर. मग टीव्हीपासून प्रक्षेपकापर्यंत जाणारी आखूड तार. आणि सर्वांच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली, लाल-काळी दुपदरी तार! कारण ग्राहकापासून स्पीकरपर्यंत आवाज नेण्यास अखेर तीच लागते. ज्या घरात पूर्वी ॲम्प्लिफायरपासून स्पीकरांपर्यंत एकेक तार जाऊन प्रश्न मिटला असता, तेथे आता दोन अडॅप्टर, त्यांच्यासाठी दोन सॉकेटे, टीव्हीपाशी एक तार, पडवीत स्पीकरच्या दोन तारा, आणि पडवीत सॉकेट नसल्यास माजघरातून ओढत आणलेला एक एक्स्टेंशन बोर्ड, एवढा पसारा मांडावा लागतो. काही स्पीकर बॅटरीवर चालतात हे खरे. पण त्यांना दर दिवसाआड चार्जिंगला लावावे लागते, आणि चार्जर हाही तारेच्याच टोकाला असतो.

असे का होते, याचे कारण दुकानदाराच्या लबाडीत नसून पदार्थविज्ञानात आहे. हवेतून जाते ती आवाजाची वर्दी. आवाजाचे बळ हवेतून जात नाही. आपल्या खिशातील ब्लूटूथ उपकरणांपैकी जी द्वितीय श्रेणीत मोडतात, त्यांची प्रक्षेपणशक्ती जास्तीत जास्त अडीच मिलिवॉट असते; एवढ्या शक्तीने स्पीकरचा पडदा हलवायचा म्हणजे फुंकरीने जाते फिरवायचे. पडदा हलवण्यासाठी लागणारे वॉट स्पीकरपाशीच, भिंतीतल्या विजेतून किंवा बॅटरीतून, निराळे पुरवावे लागतात. तारेची गोष्ट वेगळी. ती वर्दी आणि बळ दोन्ही एकाच वेळी, एकाच मार्गाने, कोणत्याही मध्यस्थाविना पोहोचवते. तिच्या शेवटी असलेल्या स्पीकरला वीज नको, अडॅप्टर नको आणि सॉकेटही नको.

आता या वादाच्या मर्मस्थानाकडे येऊ. स्पीकरच्या तारेतून किती दाबाची वीज वाहते? आठ ओहमच्या स्पीकरला पन्नास वॉट दिले, आणि घरगुती वापरात एवढे क्वचितच दिले जातात, तर त्या तारेतील दाब वीस व्होल्टांचा भरतो. ही तार उघडी पडली, तिला पोराचा हात लागला, ती ओल्या भिंतीला टेकली, तरी जिवाला धोका नाही. फार तर ॲम्प्लिफायरचा फ्यूज जाईल. ग्राहक डबीच्या अडॅप्टरला मात्र 230 व्होल्ट लागतात. पोलादपूर तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, महाबळेश्वरच्या कड्यांवर अडलेले ढग आंबेनळीच्या घाटातून आपल्याच डोक्यावर उतरतात, आणि जूनच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंत पडवीच्या भिंतींना जी ओल धरते ती हाताला लागते. अशा पडवीत, पागोळ्यांच्या तुषारांत, जमिनीवर एक्स्टेंशन बोर्ड ठेवून त्यावर 230 व्होल्टांचा अडॅप्टर लावायचा, आणि हे सर्व कशासाठी, तर वीस व्होल्टांची निरुपद्रवी तार भिंतीवर दिसू नये म्हणून! एखाद्या विमा कंपनीच्या इन्स्पेक्टरने ही व्यवस्था पाहिली तर तो घरमालकास काय म्हणेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. गणपतीच्या दिवसांत तर त्याच पडवीत ओल्या पायांनी माणसांची ये-जा चाललेली असते, आणि घरात तीस मिलिॲम्पिअरच्या गळतीला वीज तोडणारे उपकरण बसवले आहे किंवा नाही, हे बहुतेक यजमानांना ठाऊकही नसते.

तार लांब गेली की आवाज मरतो, असा एक आक्षेप यावर घेतला जातो. तो पाटीवर हिशेब मांडून तपासता येण्याजोगा आहे. दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची दुपदरी तार ॲम्प्लिफायरपासून वीस मीटर दूर नेली, तर जाणारी व येणारी मिळून चाळीस मीटर तांबे होते, आणि त्याचा एकूण रोध अर्ध्या ओहमहूनही कमी भरतो. आठ ओहमच्या स्पीकरच्या बाबतीत यामुळे होणारी घट सुमारे अर्धा डेसिबल. आणि आवाजातील एक डेसिबलचा फरकसुद्धा सामान्य कानाला महत्प्रयासाने जाणवतो. आपल्याकडील घर कितीही प्रशस्त असले, तरी माजघरातील टीव्हीपासून खळ्याच्या टोकापर्यंत वीस मीटरचे अंतर क्वचितच भरेल. ज्यांना मनाची खातरजमाच हवी असेल त्यांनी अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्यावी आणि हा विषय कायमचा दप्तरी दाखल करावा.

झिरी मारण्याचे भय कितपत खरे आहे, हेही पाहिले पाहिजे. शहरातील सपाट स्लॅबचे घर डोळ्यांपुढे ठेवून केलेला हा युक्तिवाद आपल्या कौलारू घराला लागूच पडत नाही. कौलारू घराच्या मधल्या भिंती छपराला भिडत नाहीत. त्या भालाच्या उंचीला थांबतात, आणि वर आढ्यापर्यंत सारे मोकळे असते. कामाची माहिती असलेला वायरमन काय करतो, ते एकदा जवळून पाहावे. तो माळ्यावर चढतो, लाल-काळ्या तारेचे भेंडोळे खांद्यावर टाकतो, माजघराच्या कोपऱ्यातून तार वर घेतो, मधल्या भिंतीच्या माथ्यावरून ती पलीकडे टाकतो, भालाच्या कडेने हातभर अंतरावर एकेक क्लिप ठोकत पडवीपर्यंत येतो, आणि शेवटी दाराच्या चौकटीलगत ती खाली सोडून लाकडाच्या रंगाची पट्टी तिच्यावर बसवतो. छिन्नी नाही, धूळ नाही, भिंतीचा एक टवका उडत नाही. आणि दुपारच्या चहाआधी काम उरकते. खालून पाहणाऱ्याला ती तार दिसतही नाही, कारण वाशांच्या काळोखात वर पाहतो कोण? ज्यांनी स्लॅबचे नवे घर बांधायला घेतले आहे, त्यांची अडचण तर याहूनही कमी. स्लॅब भरण्यापूर्वी विजेच्या नळ्यांबरोबर आणखी एक रिकामी नळी घालून ठेवली, की पुढल्या पिढीलाही झिरी मारावी लागणार नाही. एरवी केसिंगची पट्टी आहेच, आणि ती बसवायला गिट्ट्या व स्क्रू पुरतात.

उलट भिंतीचा खरा अडथळा होतो तो तारेला नव्हे, लहरीला. हे संच बहुधा 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. तेथील लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, आणि पाणी ही लहर शोषून घेते. मायक्रोवेव्ह ओव्हन याच पट्ट्यात चालतो, आणि अन्न तापते ते त्यातील पाणी ही ऊर्जा शोषते म्हणूनच. दीड-दोन फूट जाडीची काळ्या दगडाची किंवा जांभ्याची, मातीत रचलेली, आणि श्रावणात अंगभर पाणी प्यालेली भिंत त्या लहरीपुढे उभी केली, म्हणजे उन्हाळ्यात दुकानदाराने घरी येऊन जे दाखवले ते भाद्रपदात का दिसत नाही, याचा उलगडा होतो. बोसांच्या लहरी टाऊन हॉलच्या भिंतींपार गेल्या, हे खरे. पण त्या घंटा वाजवायला गेल्या होत्या. घंटा एकदा वाजली की झाले. भजन मात्र तासभर एकही खंड न पडता वाजले पाहिजे.

याच पट्ट्याची दुसरी बाजू कायद्याची आहे. इंग्रजी अमदानीत 1933 साली बिनतारी यंत्रांचा कायदा झाला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे साधा रेडिओ बाळगायलाही पोस्टात फी भरून परवाना घ्यावा लागे, हे आजच्या साठीतल्या लोकांना आठवत असेल. सरकारने 2005 च्या जानेवारीत 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, याबद्दल त्याचे अभिनंदन. पण परवानामुक्तीची अटही लक्षात घ्यावी. या पट्ट्यात कोणीही यावे, कोणी कोणास त्रास देऊ नये, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर त्याविरुद्ध संरक्षण मागू नये, अशी ती अट आहे. म्हणजे हा पट्टा गावच्या गुरचरणासारखा आहे: गुरे सर्वांनी सोडावीत, पण सातबारा कोणाच्याच नावे नाही, आणि आपल्या गायीचे गवत दुसऱ्याच्या म्हशीने खाल्ले म्हणून फिर्याद घेऊन कोणाकडे जाता येत नाही. वर्षाचे अकरा महिने वाडीत माणसे मोजकी असतात, तोवर हे गुरचरण मोकळे वाटते. गणपतीला सारे चाकरमानी येतात, प्रत्येकाच्या खिशात फोन, दर घरात हॉटस्पॉट, शेजारच्या ओटीवर दुसरा बिनतारी स्पीकर. आणि आपला संच, जो मुख्यतः या पाच दिवसांसाठीच घेतलेला असतो, तो नेमक्या याच पाच दिवसांत अडखळू लागतो. तांब्याची तार हे खासगी खाते आहे. तिच्यात शेजाऱ्याचा शिरकाव नाही.

परदेशी असलेल्या आप्तांनी प्रेमाने आणलेल्या संचांविषयी तर सक्त ताकीद द्यावीशी वाटते. अमेरिकेत 902 ते 928 मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त आहे, आणि तेथील कित्येक बिनतारी स्पीकर त्यावर चालत आले. आपल्याकडे मात्र 890 ते 915 मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेकडे आहे. शिवाय तेथील वीज 120 व्होल्टांची. न्यू जर्सीच्या काकांनी आणलेला संच पोलादपुरात लावणे म्हणजे प्रथम त्याचा अडॅप्टर जाळणे, आणि तो वाचलाच तर मोबाइल कंपनीच्या वाटेत बेकायदा उभे राहणे होय. तांब्याची तार न्यू जर्सीहून आणली काय आणि महाडहून आणली काय, ती दोन्हीकडे सारखीच चालते.

आता संगीताचा विचार करू, कारण स्पीकरचा विषय असूनही प्रतिपक्षाने तो टाळला आहे. ब्लूटूथवरून जाणारा आवाज आधी आकड्यांत बदलावा, दाबून लहान करावा, पाठवावा, पलीकडे साठवून घ्यावा, आणि मग पुन्हा उलगडावा लागतो. या खटपटीत शंभर ते दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज लागतो. दीडशे मिलिसेकंदांत हवेतून आवाज सुमारे पन्नास मीटर जातो. म्हणजे आपला स्पीकर पडवीत असूनही कानाच्या दृष्टीने तो पन्नास मीटर दूर, पलीकडल्या शेताच्या बांधावर, उभा असल्यासारखा होतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने गेल्या शतकाच्या मध्याला केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की, मूळ आवाजामागून येणारी दुसरी प्रत थोड्या अवधीत आली तर कान दोन्ही एकच मानतो. हा अवधी चाळीस-पन्नास मिलिसेकंदांपलीकडे गेला की प्रतिध्वनी वेगळा ऐकू येऊ लागतो. आपल्याकडील हरिनाम सप्ताहाची व घरोघरच्या भजनांची परंपरा किती जिवंत आहे, ते सांगायला नको. माजघरात भजन चालले आहे, माइकमधला आवाज बिनतारीने पडवीत जात आहे, आणि उंबऱ्यापाशी बसलेला मृदंगी दोन्ही आवाज ऐकत आहे, असे समजा. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. दीडशे मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे मात्रेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्या मृदंग्याने कोणता ताल धरावा? आतला की बाहेरचा? केवळ स्पीकरसाठी बनवलेले काही संच हा उशीर बराच कमी करतात, हे मी कबूल करतो. पण तार तो उशीर कमी करत नाही, ती तो होऊच देत नाही.

वीज जाण्याचा प्रश्न वर राहतोच. वीज गेली की तारेचा स्पीकरही बंद पडतो, असे म्हणून प्रतिपक्ष हसेल. पण त्याने आपल्या घरातील इन्व्हर्टरची जोडणी एकदा पाहावी. इन्व्हर्टरवर बहुधा माजघरातील दोन दिवे, एक पंखा व टीव्हीचा बोर्ड एवढेच असतात. पडवीचा बोर्ड त्यावर नसतो. तारेचा ॲम्प्लिफायर टीव्हीच्या बोर्डावर चालू राहतो व त्याचे स्पीकर पडवीत वाजतच राहतात. बिनतारीत मात्र प्रक्षेपक इन्व्हर्टरवर जिवंत आणि ग्राहक अंधारात मृत, असा प्रकार होतो. सभामंडपांतून वापरले जाणारे कित्येक ॲम्प्लिफायर तर बारा व्होल्टांच्या बॅटरीवरही चालतात, म्हणून भजनी मंडळांनी कर्ण्यांच्या तारा कधी सोडल्या नाहीत. 2021 च्या जुलैत सावित्री व गांधारी या नद्यांचे पाणी महाडात शिरले आणि दिवसचे दिवस वीज व फोन बंद राहिले, हे ज्यांनी भोगले त्यांना, कमीत कमी गोष्टींवर अवलंबून असलेली व्यवस्थाच अखेर कामास येते, हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

टिकाऊपणाच्या बाबतीत तर तुलनाच होऊ शकत नाही. लिथियमची बॅटरी काहीशे वेळा चार्ज झाली की तिची ताकद ओसरते, आणि पुष्कळ स्पीकरांत ती बदलण्याची सोयच ठेवलेली नसते. जे स्पीकर वायफाय आणि कंपनीच्या ॲपवर चालतात, त्यांचे आयुष्य तर कंपनीच्या मर्जीवर असते. सोनोस या अमेरिकन कंपनीने 2020 च्या जानेवारीत जाहीर केले की, त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून तिच्या काही जुन्या उपकरणांना सॉफ्टवेअरच्या सुधारणा मिळणार नाहीत. ग्राहकांत एवढा क्षोभ उसळला की कंपनीच्या प्रमुखाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. उपकरणे धडधाकट होती. तरी ती कंपनीच्या हुकमाने म्हातारी झाली. आपल्या तालुक्यात तर दऱ्याखोऱ्यांतील कित्येक वाड्यांत मोबाइलची रेंज घ्यायला टेकाडावर जावे लागते. तेथे इंटरनेटवर विसंबणारा स्पीकर घेणे म्हणजे विहिरीआधी रहाट विकत घेणे नव्हे काय? तार तुटली तर दोन टोके सोलून पिळून वर टेप गुंडाळता येते, आणि हे काम आठवीतला मुलगाही करतो. ग्राहक डबी बिघडली तर तिचा उलगडा पोलादपुरातही होत नाही व महाडातही होत नाही. ती कचऱ्यात जाते आणि दुसरी विकत येते.

राहता राहिला तो शोभेचा मुद्दा. तार ओंगळ असते असे नाही. ओंगळ असते ती निष्काळजीपणे टाकलेली तार, आणि तीच गोष्ट एक्स्टेंशन बोर्ड, अडॅप्टर व चार्जर यांच्या जंजाळालाही लागू आहे. एके काळी घरात रेडिओ आला की कौलांवर दोन बांबू उभे करून त्यांत तांब्याची एरियल ताणली जाई, आणि दुसरी तार खिडकीतून खाली उतरून जमिनीत पुरली जाई. 1957 साली विविध भारती सुरू झाली, तेव्हा कोकणातील कितीतरी घरांवर अशा तारा होत्या; त्या घरांची शोभा गेली असे कोणी म्हटले नाही, कारण ती तार कशासाठी आहे ते सर्वांना कळत होते आणि तिच्यामुळे मुंबई ऐकू येत होती. उंदरांचे म्हणाल, तर ते एक्स्टेंशन बोर्डाच्या दोरीलाही तितक्याच आवडीने दात लावतात. फरक इतकाच की वीस व्होल्टांची तार कुरतडली तर स्पीकर बंद पडतो, आणि 230 व्होल्टांची दोरी कुरतडली तर ठिणगी पडते.

वायरमन मिळत नाही, हा मुद्दा मात्र मी पूर्णपणे मान्य करतो, आणि म्हणूनच त्याचे उत्तर बिनतारीत शोधू नये असे म्हणतो. पडवीत सुरक्षित सॉकेट बसवायचे झाले तरी वायरमनच लागतो. किंबहुना 230 व्होल्टांचे ते काम स्पीकरच्या तारेपेक्षा अधिक कसबाचे व अधिक जबाबदारीचे आहे. जो ते न करता एक्स्टेंशन बोर्डावर भागवतो, त्याने वायरमनची मजुरी वाचवली नाही. ती मजुरी त्याने धोक्याच्या खात्यावर उधार ठेवली आहे. कसबी हात गावात राहावेत असे ज्याला वाटते, त्याने त्यांना काम दिले पाहिजे. काम टाळण्याचे यंत्र विकत घेऊन कसब गावात कसे टिकणार?

बिनतारीला कोठेच स्थान नाही, असे म्हणण्याइतका मी हेकट नाही. कीर्तनकाराने गळ्याशी लावलेला माइक बिनतारीच असावा, कारण तो फिरतो आणि नाचतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला, जेथे घरमालक एक खिळा ठोकू देत नाही, तेथे बॅटरीवरचा स्पीकर रास्तच आहे. मधे सार्वजनिक रस्ता असेल, तर त्यावरून तार नेण्यापेक्षा लहर पाठवावी हे शहाणपणाचे. रात्री झोपल्या माणसांना त्रास न देता ऐकण्यासाठी कानावरचा बिनतारी संच उत्तम. या सर्व ठिकाणी ऐकणारा किंवा बोलणारा हलता आहे, किंवा भिंत दुसऱ्याची आहे. पण घर आपले, भिंत आपली, टीव्ही जागचा हलत नाही, स्पीकर जागचा हलत नाही, आणि त्या दोहोंमधले अंतर पुढली तीस वर्षे तेवढेच राहणार आहे, अशा ठिकाणी लहरींची योजना करणे म्हणजे, ज्या दोन गोष्टी कायमच्या एका जागी आहेत त्यांच्यामध्ये मुद्दाम चंचल मध्यस्थ नेमणे होय.

म्हणून या वादाचा तसफिया मी असा करीन. ज्या गृहस्थाला येत्या गणपतीपूर्वी पडवीत आवाज न्यायचा असेल, त्याने संच विकत घेण्याआधी एका कागदावर दोन आकृत्या काढाव्यात: एकीत तारेच्या मार्गाने जाणारी प्रत्येक जोडणी, दुसरीत बिनतारीच्या मार्गाने जाणारी प्रत्येक जोडणी, आणि ज्या रेषेतून 230 व्होल्ट वाहतात ती रेषा तांबड्या शाईने काढावी. ज्या आकृतीत तांबड्या रेषा कमी, ती निवडावी. दुकानदार काय म्हणतो, मुंबईचा भाचा काय म्हणतो, किंवा या लेखाचा लेखक काय म्हणतो, याची मग त्याला गरज पडणार नाही; आणि उरलेल्या पैशांत दीडऐवजी अडीच चौरस मिलिमीटरची तार येईल.